छायाचित्राचे मोल

सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णेचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी टिपले असेल. त्याकडे सहसा कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. मात्र जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांचे ऱ्हाईन नदीचे १९९९ मधील छायाचित्र २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरना विकले गेले. असे का व्हावे?

त्या छायाचित्रात आहेत केवळ हिरवे काठ, करडे पाणी आणि आकाश. पलीकडच्या इमारती गुर्स्की यांनी संगणकाच्या साहाय्याने काढून टाकल्या. काय वगळावे याचा असा विचारपूर्वक निर्णय, हा कलेचा पहिला निकष होय. मर्यादित प्रती, भव्य आकार आणि कलावंताचा लौकिक यांनी किंमत वाढविली.

परंतु किंमत म्हणजे मोल नव्हे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षे खपून रंगविल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. त्यांनीच टिपलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र त्या काळच्या अजिंठ्याची साक्ष आजही देतात. कारण स्थळ, काळ आणि कर्ता यांची नोंद त्यांच्यासोबत राहिली.

आपल्या घरातील पेटीत वसतिगृहाची, मैदानाची जुनी छायाचित्रे असतील. त्यांचा लिलाव होणार नाही. तरीही त्यांच्या पाठीमागे स्थळ, साल आणि नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. ती नावे सांगू शकणारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे शक्य आहे.