एकटं मूल आणि सरकारी छप्पर

पालक सोबत नसलेलं, अठरा वर्षांखालचं मूल इंग्लंडमध्ये आश्रय मागतं, तेव्हा १९८९च्या बालक कायद्याने त्याला निवारा देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदेवर येते. मूल परदेशी आहे ही सबब तिथे चालत नाही.

खरी मेख वयाची. कागदपत्रं नसली की समाजसेवक सविस्तर मुलाखत घेऊन वय ठरवतात. अगदी उघड प्रकरणं सोडली, तर नुसतं रूप पाहून निर्णय देता येणार नाही, असं उच्च न्यायालयाने २००३मध्ये बजावलं. अंदाज चुकला तर मुलाची रवानगी थेट अनोळखी प्रौढांमध्ये होते.

अशा मुलांनाही घेऊन इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या छोट्या होड्या इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्याला लागतात. तिथल्या परिषदेने हात टेकले, तेव्हा २०२१पासून गृहखातं मुलांना हॉटेलांत ठेवू लागलं. जानेवारी २०२३मध्ये त्यांतल्या सुमारे २०० मुलांचा ठावठिकाणा नव्हता. त्याच वर्षी डोव्हरच्या आश्रयार्थी मुलांच्या केंद्रातल्या भिंतींवरचा मिकी माउस तेव्हाचे स्थलांतरमंत्री रॉबर्ट जेनरिक यांच्या सांगण्यावरून रंग फासून झाकला गेला. कारण काय, तर चित्रं फार ‘स्वागतशील’ होती! जुलैत उच्च न्यायालयाने हॉटेलांचा सरसकट वापर बेकायदा ठरवला आणि जबाबदारी झटकल्याबद्दल केंट परिषदेलाही दोषी धरलं.