नाच मान्य, नाचणारी अमान्य

एखादी कला प्रतिष्ठित झाली म्हणजे ती घडविणारी माणसेही प्रतिष्ठित होतात, असा आपला समज असतो. टँगो या नाचाचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्यूनोस आयरिस व मॉन्टेव्हिडिओ या बंदरांतील गरीब वस्त्यांत, गुलामांचे आफ्रिकी वंशज आणि पोटासाठी आलेले युरोपीय मजूर यांच्यात हा नाच घडला. तेथील उच्चवर्गाने तो अश्लील ठरविला. १९१३ मध्ये पॅरिस आणि लंडनला त्याचे वेड लागले. जर्मन सम्राटाने गणवेशातील अधिकाऱ्यांना तो नाचण्यास मनाई केली. १९१४ च्या जानेवारीत पॅरिसच्या आर्चबिशपने त्याचा निषेध केला. तरीही सौम्य होऊन तो युरोपच्या दिवाणखान्यांत रुळला. मग ब्यूनोस आयरिसच्या प्रतिष्ठितांनाही तो आपला वाटू लागला. आफ्रिकी वंशजांचा वाटा मात्र विस्मृतीत गेला.

आपल्याकडे लावणीचे काय झाले? तमाशाच्या फडावरील पहिली स्त्री मानली जाणारी पवळा महार समाजातली, नाशिक-पुणे रस्त्यावरील हिवरगाव पावसा गावची. जन्माने ब्राह्मण असलेल्या पठ्ठे बापूरावांच्या लावण्या तिच्यामुळे लोकप्रिय झाल्या. पुढे १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांतील लावणीला पांढरपेशांनी डोक्यावर घेतले. फडावरच्या बाईकडे पाहण्याची नजर मात्र तीच राहिली. मातंग समाजातील विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव मिळाला, पण २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच.

म्हणून या कलेचा नुसता अभिमान बाळगून भागत नाही. बापूरावांनी महाड सत्याग्रहासाठी देऊ केलेली तमाशाच्या मिळकतीतील मदत बाबासाहेबांनी नाकारली. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशात तमाशाचा साचा घेतला, स्त्रीचा नाच वगळला आणि त्यातून प्रबोधन केले. हा मोठाच बदल होता. परंतु पोटासाठी फडावर उभ्या राहणाऱ्या बाईचा प्रश्न त्याने सुटला नाही.

लावणीचे महोत्सव होतात तेव्हा आपण एवढे तरी विचारावे: या बाईला पुरती मजुरी मिळते काय? म्हातारपणी आधार, मुलांना शाळा? आणि हा धंदा नको असेल तर दुसरे काम?