राज्यशास्त्र : स्वरूप व अभ्यासपद्धती

राज्यसंस्था, शासनव्यवहार आणि सत्तेशी निगडित मानवी संबंध यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे एक सामाजिक शास्त्र. समाजातील सर्वांवर बंधनकारक असे निर्णय कोण घेतो, ते कोणत्या मार्गाने घेतले जातात, लोक ते का मानतात आणि त्यांचा लाभ वा भार कोणाच्या वाट्यास येतो, हे या शास्त्राचे मूलभूत प्रश्न होत. राजकारण हा व्यवहार होय, तर राज्यशास्त्र हे त्या व्यवहाराचे ज्ञान होय. निवडणूक जिंकण्याचे कौशल्य अंगी असलेला पुढारी राज्यशास्त्रज्ञ असतोच, असे नाही.

या विषयाची परंपरा प्राचीन आहे. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) ग्रीक नगरराज्यांच्या संविधानांची तुलना करून त्यांचे वर्गीकरण केले. भारतात कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र अशी राज्याची सात अंगे सांगितली आहेत. मराठीत रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र हा राजनीतीवरील महत्त्वाचा ग्रंथ होय. विद्यापीठीय विषय म्हणून मात्र राज्यशास्त्राची स्वतंत्र उभारणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाली.

अभ्यासपद्धती : या शास्त्रात स्थूलमानाने तीन दृष्टिकोन आढळतात. तात्त्विक दृष्टिकोन न्याय, स्वातंत्र्य, समता यांसारख्या मूल्यांची चिकित्सा करतो. संस्थात्मक दृष्टिकोन संविधान, विधिमंडळ, न्यायालये व प्रशासन यांची रचना तपासतो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रबळ झालेला वर्तनवादी दृष्टिकोन मतदार, पक्ष व हितसंबंधी गट यांचे प्रत्यक्ष वर्तन सर्वेक्षण व संख्याशास्त्र यांच्या साहाय्याने अभ्यासतो. भारतीय पक्षपद्धतीचे रजनी कोठारी यांनी १९६० नंतर केलेले विश्लेषण संस्था व समाज यांची सांगड घालणारे आहे.

पद्धतीनुसार निष्कर्ष कसा बदलतो, याचे उदाहरण नगरांतील सत्तेच्या अभ्यासांत मिळते. शहरात वजनदार कोण, असे जाणकारांना विचारून फ्लॉइड हंटर यांनी १९५३ मध्ये अटलांटा शहरात मोजक्या उद्योगपतींचे वर्चस्व असल्याचे प्रतिपादन केले. रॉबर्ट डाल यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन शहरातील प्रत्यक्ष निर्णय तपासले व निरनिराळ्या विषयांत निरनिराळे गट प्रभावी असतात, असे दाखविले. यावर पीटर बॅक्रॅक व मॉर्टन बॅराट्झ यांनी १९६२ मध्ये आक्षेप घेतला : एखादा प्रश्न चर्चेसच येऊ न देणे, हेही सत्तेचेच रूप होय.

मीरा-भाईंदरचे उदाहरण : हेच प्रश्न मुंबईच्या उत्तरेस वसलेल्या ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरविषयी विचारता येतात. ग्रामपंचायतींच्या एकत्रीकरणातून येथे १९८५ मध्ये नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सु. ५·२० लाख होती. ती २०११ मध्ये सु. ८·०९ लाख झाली. आगरी, कोळी व ख्रिस्ती वस्तीची जुनी गावे आणि रेल्वेमार्गालगत वाढलेली बहुभाषिक नवी वस्ती अशी येथील समाजरचना आहे.

संस्थात्मक दृष्टीने पाहता महापौर हा नगराचा प्रथम नागरिक असून त्याची निवड नगरसेवक अडीच वर्षांसाठी करतात. परंतु कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. पाणीपुरवठाही शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ या शहराबाहेरील यंत्रणांवर अवलंबून राहिला आहे. नळाला पाणी नसल्यास मतदार नगरसेवकाला जाब विचारतो; पण निर्णयाची सूत्रे सर्वस्वी त्याच्या हाती नसतात. सत्ता व उत्तरदायित्व यांतील हे अंतर राज्यशास्त्राच्या अभ्यासाचा गाभा होय.

वर्तनवादी अभ्यासक येथील मतदानाकडे वळेल. महापालिकेच्या ९५ जागांसाठी २०१२ मध्ये द्विसदस्य प्रभाग होते; २०१७ मध्ये २४ प्रभाग करण्यात येऊन बहुतेक प्रभागांतून चार सदस्य निवडले गेले. विस्तृत प्रभागात अपक्षापेक्षा संघटित पक्षास लाभ होतो, हे गृहीतक अशा दोन निवडणुकांच्या आकडेवारीवरून पडताळता येते. तथापि इतर कारणेही एकाच वेळी बदलत असल्याने निष्कर्ष जपून काढावा लागतो.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनुसार (१९९२) नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे आवश्यक आहे. असे असता ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या न्यायालयीन वादांमुळे महाराष्ट्रातील इतर अनेक महापालिकांप्रमाणे येथेही निवडणूक लांबली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात रस्ते झाडले गेले, कर गोळा झाले, अंदाजपत्रके मंजूर झाली; परंतु त्यांवर सभागृहात प्रश्न विचारणारा लोकनियुक्त प्रतिनिधी नव्हता. प्रशासन चालणे व स्वशासन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

जुलै २०२५ मध्ये मीरा रोड येथे भाषेच्या प्रश्नावरून व्यापाऱ्यांचा आणि त्यानंतर मराठी संघटनांचा मोर्चा निघाला. अशा घटनेत कोणता गट का संघटित झाला, पक्षांनी कोणती भूमिका घेतली व शासनाने मोर्च्यास कसा प्रतिसाद दिला, हे वस्तुस्थितीचे प्रश्न होत. राज्याच्या भाषेचा मान व परप्रांतीयांचे हक्क यांचा मेळ कसा घालावा, हा मूल्यांचा प्रश्न होय. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे पुराव्याने, तर दुसऱ्या प्रकारची उत्तरे युक्तिवादाने शोधावी लागतात.

मर्यादा : माणसे प्रयोगशाळेतील पदार्थांप्रमाणे नियंत्रित परिस्थितीत ठेवता येत नाहीत आणि अभ्यासकही स्वतः नागरिक असतो. त्यामुळे भौतिकीप्रमाणे अचूक भाकिते करणे या शास्त्रास साधत नाही. आपली गृहीतके उघड मांडणे, विरोधी पुरावा शोधणे व तुलना करणे यांतूनच त्याची शास्त्रीयता टिकते. आपल्या जीवनावर परिणाम करणारा निर्णय कोणी घेतला आणि त्याबद्दल जाब कोणाला विचारावयाचा, हे नागरिकास ओळखता यावे, यातच या शास्त्राची व्यावहारिक उपयुक्तता आहे.