पासपोर्ट रद्द, पॅन चालू

न्यू जर्सीत अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्याच क्षणी माझं भारतीय नागरिकत्व संपलं. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम अर्जाची वाट पाहत नाही. अर्ज करायचा तो नंतर, जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट मिळवण्यासाठी. त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड.

खरा गोंधळ कराचा. "वहिनी, आता तुम्ही परदेशी, तुम्हाला कसलं रिटर्न?" ठाण्याहून दीर म्हणाले. पण आयकर खातं निवासी कोण ते ठरवताना मुख्यतः भारतातला मुक्काम मोजतं, आणि भारतात झालेलं उत्पन्न अनिवासीलाही करपात्रच. आमच्या ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात येतं. भाडेकरूने त्यातून आधीच 30 टक्के आणि वर सेस कापायचा असतो. (हे ऐकून निम्मे भाडेकरू पळतात.) माझा प्रत्यक्ष कर त्याहून कमी, म्हणून रिटर्न भरून परतावा मागते. पॅन तेच.

तेच भाडं इकडे अमेरिकेच्या रिटर्नमध्येही दाखवायचं. भारतात भरलेला कर साधारणपणे इथल्या करातून वळता होतो. मात्र इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, तिकडचं एप्रिल ते मार्च. त्यामुळे तिकडच्या खात्यांवरच्या व्याजाची पत्रकं महिन्यांनी तोडून पुन्हा जुळवत बसावं लागतं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, वेगळा. आईच्या बचत खात्यावर माझं नाव निव्वळ सोयीसाठी आहे. तेही त्यात धरावं लागतं.