वसईचा किल्ला आणि लिस्बन शहर

परदेशांतील एखाद्या राजधानीचें वर्णन वाचलें म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांस तें शहर पाहण्याची इच्छा होते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु ज्यांस पोर्तुगालची राजधानी लिस्बन समजून घ्यावयाची असेल, त्यांनीं पहिला धडा वसईच्या किल्ल्यांतच घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें दोनशें वर्षें त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें येथें होतें. तटाच्या आंत बालेकिल्ला व छप्पर नसलेलीं जुनीं चर्चें आजही दिसतात. जेझुइटांच्या चर्चला संत गोन्सालो गार्सियांचें नांव आहे. वसईंत जन्मलेले हे हुतात्मे १५९७ सालीं नागासाकी येथें वधस्तंभावर मरण पावले व १८६२ मध्यें त्यांस संतपद मिळालें. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनींत पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला. त्या विजयाची खूण असलेली मोठी घंटा नाशिकच्या नारोशंकर देवळाच्या दर्शनीं भागीं टांगलेली आहे.

त्यानंतर सोळा वर्षांनीं, १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं लिस्बन येथें भयंकर भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र चढून आला व आगी लागल्या. राजवाडा नष्ट झाला. नंतर सखल भागांत सरळ रस्त्यांचें नवें शहर उभारलें. परंतु टेकडीवरील कार्मो मठाचें चर्च उघडेंच राहिलें. १८६४ सालीं त्याच भग्न वास्तूंत पुराणवस्तुसंग्रहालय स्थापन झालें. आज प्रवासी आकाशाखालच्या त्या कमानी तिकीट काढून पाहतात. रात्रीं आल्फामा या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत ‘फादो’ नांवाचीं विरहगीतें बारा तारांच्या गिटारीवर गातात. गाणें चालू असतां श्रोते बोलत नाहींत. २०११ मध्यें युनेस्कोनें या गायनास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

आमचीं चर्चेंही बिनछपराचींच आहेत. मग उणें काय? एकदां किल्ल्यांत एका विद्यार्थ्यानें कोळशानें भिंतीवर आपलें नांव लिहिलें. आम्हीं त्याला पायाखालच्या शिळेवरील पालापाचोळा दूर करून तीवरील अक्षरें वहींत उतरून घ्यावयास सांगितलें. अर्थ कळला नाहीं, तरी कोणा मृताचें नांव त्यानें अक्षर अक्षर लावून वाचलें. मग न सांगतां तो भिंतीकडे गेला व रुमालानें आपलें नांव पुसूं लागला. डाग मात्र पुरता गेला नाहीं.

पालकांस विनंती इतकीच कीं, येत्या सुट्टींत मुलांस किल्ल्यांत न्यावें आणि बरोबर वही व पेन्सिल द्यावी. लिस्बनास जाण्याचा योग पुढें येईल तेव्हां येवो. पाहण्याची संवय येथेंच लागेल.