पट्टा तुटतो कुठे?

लाकूड घासून गुळगुळीत करणारे एक छोटे यंत्र आमच्या घरच्या कार्यशाळेत आहे. दोन रुळांवर पॉलिश पेपरचा एक अखंड पट्टा फिरत असतो. या यंत्राला बेल्ट सँडर म्हणतात. एका पावसाळ्यानंतर कपाटात ठेवलेले चार कोरे पट्टे आम्ही एकामागून एक चढवले आणि चारही काही क्षणांत तुटले. त्यांचे कण धारदार होते, कापड शाबूत होते. चारही पट्टे सुटले होते ते फक्त जोडावर. काळ आणि दमट हवा यांनी जोडाचा गोंद निकामी केला होता. बाकी सारा पट्टा कोरा असताना तो फेकून देणे मनाला पटेना. म्हणून आम्ही जोड पुन्हा करायचे ठरवले.

पहिला प्रयत्न साहजिकच सर्वांत 'मजबूत' गोंदाचा होता. दोन्ही टोकांखाली कापडाची पट्टी ठेवून झटपट चिकटणारा गोंद लावला. हाताने कितीही ओढले तरी जोड सुटेना. यंत्रावर मात्र तो मिनिटभरही टिकला नाही. असे का व्हावे?

थोडे गणित करू. आमचा पट्टा 75 मिलिमीटर रुंद व 533 मिलिमीटर लांब आहे. जोड 45 अंशांत तिरका कापला, तर त्याची लांबी सुमारे 106 मिलिमीटर भरते. मागची पट्टी जोडाच्या प्रत्येक बाजूला 10 मिलिमीटर चिकटली, तर एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे 1060 चौरस मिलिमीटर झाले. पट्ट्यावरचा ताण 10 किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे 100 न्यूटन धरला, तरी प्रत्येक चौरस मिलिमीटरला 0.1 न्यूटनहून कमी बल येते. साध्या गोंदालाही हे जड नाही. म्हणजे पट्टा ओढला गेल्यामुळे तुटत नाही.

आता वाकण्याकडे पाहू. पट्ट्याचा वेग मिनिटाला 300 मीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर धरू. जोड सेकंदाला नऊहून अधिक फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत तो दोन रुळांवर वाकतो व पुन्हा सरळ होतो. मिनिटात हे अकराशेहून अधिक वेळा घडते! झटपट गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. तो ओढ सोसतो, पण वारंवारचे वाकणे सोसत नाही. त्याला तडा जातो आणि तिथूनच पट्टी सोलली जाऊ लागते.

जाडीचाही प्रश्न आहे. 15 मिलिमीटर त्रिज्येच्या रुळावर 1 मिलिमीटर जाडीचा पट्टा वाकला, तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग मध्यापेक्षा सुमारे 3 टक्के ताणला जातो. टोके एकमेकांवर चढवून जाडी दुप्पट केली, तर हे ताणणे सुमारे 6 टक्के होते. शिवाय तो उंचवटा लाकडावर दर फेरीला आपटतो. जुन्या पद्धतीच्या पट्ट्यांत टोके अशी चढवलेली असत. वरच्या टोकाची कड कामात अडकून उचलली जाऊ नये, म्हणून त्यांवर फिरण्याच्या दिशेचा बाण छापतात. टोके समोरासमोर भिडवून मागून पातळ पट्टी लावली, की ही अडचण राहत नाही.

तेव्हा जोड तीन गोष्टी साधणारा हवा : पातळ, लवचीक आणि तिरका. तिरका अशासाठी, की संपूर्ण जोड एकाच क्षणी रुळावर न येता थोडाथोडा येतो.

शेवटी आम्ही असे केले. गुण्याने पट्ट्याच्या मागच्या, कापडी बाजूवर 45 अंशांची रेघ आखली व त्याच बाजूने कापले. त्यामुळे सुरीची धार कणांवर बोथट होत नाही. दोन्ही टोकांच्या रेघा समांतर हव्यात. तुकडा समांतरभुज चौकोन झाला, तर त्याच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या राहतात. रेघा समांतर नसतील, तर एक कड लांब होते आणि पट्टा रुळावरून एका बाजूला सरकतो. मग टोके सरळ पट्टीला टेकवून भिडवली. दोन भाग मिसळून घट्ट होणारा, पण वाळल्यावरही लवचीक राहणारा पॉलियुरेथेन गोंद लावून पातळ पॉलिस्टर कापडाची पट्टी चिकटवली. वर मेणकागद व सपाट फळी ठेवून क्लॅम्पने चोवीस तास दाबले. हा जोड टिकला. जुन्या पट्ट्याची टोके शाबूत असतील, तर ती न कापता फक्त जुनी पट्टी व गोंद खरवडून काढावा. लांबी कमी झाली, तर पट्टा यंत्रावर चढत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. कागदाच्या दोन पट्ट्यांची टोके एकमेकांवर ठेवून चिकटटेपच्या तुकड्याने जोडा आणि पट्ट्या लांबीच्या दिशेने ओढा. मग टेपचे एक टोक वर उचलून सोला. दोन्ही वेळा लागणारे बल स्प्रिंगकाट्याने मोजा. ओढताना बल साऱ्या चिकटलेल्या क्षेत्रावर वाटले जाते. सोलताना ते एका रेषेवर एकवटते. 'गोंद किती मजबूत?' हा प्रश्न 'कोणत्या दिशेने?' हे विचारल्याशिवाय अपुरा आहे, हे विद्यार्थ्यांना हातानेच कळेल.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. गोंद हवेशीर जागी, हातमोजे घालून वापरा. नवा जोड आधी काही मिनिटे रिकामा फिरवा. त्या वेळी डोळ्यांवर चश्मा ठेवून यंत्राच्या बाजूला उभे राहा, पट्ट्याच्या रेषेत नव्हे. घासताना नाकावर मास्क हवाच. पट्टा वाचवणे चांगले, पण डोळे आणि फुप्फुसे वाचवणे त्याआधी.