खुकुरीचे पाणी

मराठीत धारेला पाणी असते. तलवार पाणीदार असते, लोहार पात्याला पाणी पाजतो, आणि माणसाचे तेज गेले की त्याचे पाणी उतरले असे आपण म्हणतो. हत्यारांच्या घडणीचा मी अनेक वर्षे, कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराशिवाय, जमेल तसा अभ्यास करतो आहे. या शब्दाचा दुसरा, बोचरा अर्थ मला नेपाळच्या खुकुरीने दाखवला.

खुकुरी आपल्याला दुरून माहीत असते. मुंबई-पुण्यात रात्री काठी आपटत फिरणाऱ्या गुरख्याच्या कमरेला ती आपण पाहिलेली असते, किंवा गोरखा पलटणींच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन खुकुऱ्या. १८१४ ते १८१६ या काळात कंपनी सरकार आणि नेपाळ यांच्यात झालेल्या युद्धात इंग्रजांना तिची ओळख झाली, आणि पुढे ‘म्यानातून काढली की रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही’ अशी दंतकथा तिला चिकटली. नेपाळी शेतकऱ्याच्या घरी मात्र तीच खुकुरी दिवसातून दहा वेळा बाहेर निघते. लाकूड फोडायचे, चारा तोडायचा, झुडपे साफ करायची, मांस कापायचे. आपला कोयता, कुऱ्हाड आणि सुरी या तिघांचे काम ती एकटी करते आणि वेळ आली तर लढतेही. तिची सगळी घडण या बहुविध कामातून आलेली आहे.

साधारण खुकुरी मुठीसह ४० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि अर्धा-पाऊण किलो वजनाची असते. पाते मुठीपासून थोडे सरळ जाते आणि मग पुढे, धारेच्या बाजूला वाकते. वाकणानंतर त्याचे पोट रुंदावते आणि टोकाकडे ते निमुळते होते. त्यामुळे वजन हातापाशी न राहता पुढे सरकते व घाव कुऱ्हाडीसारखा बसतो. शिवाय मनगट न वाकवताही धार लाकडावर तिरपी उतरते, म्हणजे आपटतानाच ती चिरतही जाते. पात्याची पाठ वाकणापाशी आठ-दहा मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. धारेचे दोन्ही गाल सपाट नसतात. ते किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे पाते लाकडात अडकून बसत नाही आणि धारेमागे पुरेसे लोखंड राहते.

मुठीजवळ धारेत एक छोटी खाच असते. कोणी ती गाईच्या खुराची खूण मानतो, कोणी शिवाच्या त्रिशूळाची, तर कोणी म्हणतो की रक्त मुठीकडे ओघळू नये म्हणून ती आहे. यातले एकही स्पष्टीकरण सिद्ध झालेले नाही. म्यानाच्या मागे दोन छोटी पाती खोचलेली असतात. ‘कर्द’ बारीकसारीक कापण्यासाठी असते आणि बोथट ‘चकमक’ धार सरळ करण्यासाठी व गारगोटीवर ठिणगी पाडण्यासाठी.

पूर्व नेपाळातले भोजपूर खुकुरीसाठी नावाजलेले आहे. तिथल्या लोहाराला ‘कामी’ म्हणतात आणि त्याच्या कामाच्या जागेला ‘आरन’. हा शब्द ऐकताना आपली ऐरण आठवतेच. कच्चा माल बहुधा भंगारातल्या ट्रकच्या कमानीचा पाटा असतो. आपल्याकडचे लोहारही कोयत्यासाठी तोच शोधतात. या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. धार धरण्याइतके ते कठीण होऊ शकते आणि धक्का सोसण्याइतके चिवटही राहते.

पाट्याचा तुकडा छिन्नीने तोडून भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवतात. एक जण सांडशीने तो ऐरणीवर धरतो आणि समोरचे घण घालतात. आधी मुठीत जाणारी शेपटी ओढून काढतात, मग वाकण देतात, मग धारेची बाजू ठोकून पोट रुंद करतात. धारेकडचे लोखंड ठोकून पसरले की पाते उलट दिशेला वळू पाहते, म्हणून वाकण पुन्हा पुन्हा सरळ जागी आणावे लागते. हे सगळे बहुतेक नजरेच्या मापावर चालते. नंतर कानशीने गाल आणि खाच काढतात.

आता खरी परीक्षा असते ती पाण्याची. तांबडेलाल, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले पोलाद झटकन थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. सावकाश थंड झाले तर चिवट राहते, पण धार टिकत नाही. अख्खे पाते पाण्यात बुडवले तर ते पहिल्याच गाठाळ लाकडावर तुटण्याची भीती असते. कामी पाते बुडवत नाही. तो किटली घेतो आणि तिच्या चोचीतून पाण्याची बारीक धार फक्त पात्याच्या धारेवर, मुठीकडून टोकाकडे आणि परत, फिरवतो. धार तडतडत काळी पडते, पाठ मात्र लालच राहते. मग पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे परतते आणि तिचा अतिरिक्त ठिसूळपणा काढून घेते. ती किती परतू द्यायची हे कामी पात्यावर सरकणाऱ्या रंगावरून ओळखतो. गवती पिवळा रंग येऊन पुढे निळ्याकडे झुकू लागला की पुन्हा पाणी. एकाच पात्यात कठीण धार आणि चिवट पाठ असा हा मेळ काही क्षणांत साधतो किंवा फसतो. शेवटी घासून चकाकी देतात आणि शिसवीची किंवा रेड्याच्या शिंगाची मूठ लाखेने पक्की बसवतात.

ज्याच्या हातच्या पाण्याने खुकुरीला जीव येतो, त्याच्या हातचे पाणी मात्र गावाला चालत नव्हते. जंगबहादूर राणाच्या राजवटीत १८५४ साली आलेल्या ‘मुलुकी ऐन’ने नेपाळी समाजाची उतरंड कायद्यात बांधली. तिच्यात तळाला ‘पानी नचल्ने’ जाती होत्या, म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशा. त्यांतल्या काहींचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागे. लोहार कामी या वर्गात होते आणि म्यानाचे कातडे शिवणारे सार्कीही. शुद्धीसाठी शिंपडत ते ‘सुनपानी’, सोन्याचा स्पर्श झालेले पाणी. ते सोने घडवणारा सुनारही त्याच अस्पृश्यांत होता.

आपल्याकडच्या बलुत्यासारखी ‘बालीघरे’ ही पद्धत तिथे होती. वर्षभर अवजारे घडवायची, शेवटायची आणि सुगीला धान्य घ्यायचे. पण आपल्या गावगाड्यात लोहार अस्पृश्य नव्हता, तिथे तो होता. हा फरक लक्षात घेतला तरी पाण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. महाडला चवदार तळ्यावर १९२७ साली माणसांना पाण्यासाठीच सत्याग्रह करावा लागला होता.

इंग्रजांनी १८१५ पासून गोरखा पलटणी उभ्या केल्या, तेव्हा ‘लढाऊ जमाती’ म्हणून मगर, गुरुंग, राई, लिंबू यांना पसंती मिळाली. खुकुरीची कीर्ती त्यांच्या शौर्याबरोबर जगभर गेली. २००६ पर्यंत नेपाळच्या राजचिन्हातही ती होती. ती घडवणारा मात्र त्या कीर्तीत कुठेच नव्हता. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने जातिभेदाची कायदेशीर मान्यता काढली आणि २०११ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. अनेक कामी आता ‘विश्वकर्मा’ आडनाव लावतात. कायदे झाले तरी कामीच्या हातचा चहा नाकारणारी घरे संपलेली नाहीत.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो आणि नेपाळात दशैंला खुकुरीला मान मिळतो. पुढच्या वेळी घरातला जुना कोयता किंवा खुकुरी पुजाल तेव्हा एक साधी गोष्ट करून पाहा. कानस पाठीवरून हलकेच ओढा, मग धारेजवळून. पाठीवर ती लोखंड खाते. धार चांगल्या पाण्याची असेल तर तिथे ती घसरते. कानशीच्या या दोन वेगळ्या आवाजांत एका माणसाचे शिकलेले हात आहेत, आणि पात्यावर त्याचे नाव बहुधा सापडणार नाही.